थाप आणि टिचकी

इंग्रजी जोडशब्द कुठे तोडायचा आणि त्यातल्या कुठल्या तुकड्यावर जोर द्यायचा, हे शिकवून मी पोट भरते. बेंगळुरूत या विद्येला गिऱ्हाईक आहे. इथे ऑफिसांत बसून परदेशातल्या माणसांशी दिवसभर बोलणारे लोक आहेत. त्यांचं इंग्रजी चांगलं असतं, तरी पलीकडचा माणूस दर वाक्याला 'पुन्हा सांगा' म्हणतो. मग त्यांच्या कंपन्या माझ्यासारख्या बाईला शोधतात. बनशंकरीतल्या आमच्या फ्लॅटच्या लहान खोलीत, लॅपटॉपसमोर बसून, मी हे वर्ग घेते. हे आधी सांगायचं कारण एवढंच, की या विषयातलं माणूस आमच्या इमारतीत शोधायचं झालं तर ते मी आहे. आणि तरीही माझ्या सासूबाई नेमका हाच विषय शिकायला खालच्या मजल्यावर जात होत्या.

खालच्या मजल्यावर पुण्याहून आलेली एक मुलगी राहते. सॉफ्टवेअरमध्ये आहे, निम्मा आठवडा घरूनच काम करते, आणि मला काकू म्हणते. माझ्या वयाच्या कामवालीला ती दीदी म्हणते, ते जाऊ दे. इंग्रजी तिच्या तोंडून नळाच्या पाण्यासारखं येतं. शाळेपासून तेच बोलत आल्यामुळे जोर कुठे पडतो हे तिला ठाऊक नाही, आणि तिचा तो कधी चुकतही नाही. असल्या माणसांचा मला पहिल्यापासून हेवा वाटतो. बेळगावच्या मराठी शाळेतून आलेली मी. माझा एकेक शब्द मी डिक्शनरीतल्या खुणा बघून, आरशासमोर शंभरदा म्हणून कमावलेला आहे. तिला तो घरबसल्या मिळाला, आणि घरबसल्या मिळालेल्यालाच लोक दाद जास्त देतात.

नियम तसा सोपा आहे. जोडशब्द आधी त्याच्या सांध्यावर तोडायचा. न्यूजपेपर म्हणजे न्यूज आणि पेपर. मग पेपरचे आणखी दोन तुकडे, पे आणि पर. एकूण तीन. असला शब्द वस्तूचं नाव असेल, तर जोर बहुतेक वेळा पहिल्या भागावर. न्यूज ठासून म्हणायचं, उरलेल्यांनी मागून मुकाट यायचं. आपण मराठी-कन्नड माणसं पंगतीत वाढावं तसं सगळ्या तुकड्यांना सारखं वाढतो. मीठभाकर म्हणताना मिठालाही तेवढाच मान आणि भाकरीलाही. इंग्रजीत तसं नाही. तिथे दोघं एकत्र आले की एक मोठा आणि दुसरा लहान, हे ठरलेलंच. माझ्या वर्गातल्या पोरांना हे पटत नाही, म्हणून मी थाप-टिचकी काढली. जोराच्या तुकड्याला टेबलावर तळहाताची थाप, बाकीच्यांना एका बोटाची टिचकी. न्यूजपेपर: थाप, टिचकी, टिचकी. लोक आधी हसतात आणि आठवड्याभरात मीटिंगमध्ये टेबलाखाली मांडीवर थापा मारू लागतात. ही युक्ती माझी आहे. कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही.

सासूबाई निपाणीकडच्या एका मराठी शाळेत मास्तरीण होत्या. जन्मभर पोरांना इंग्रजीसकट सगळं शिकवलं, पण ते इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलं आणि खडूने शिकवलेलं. कानाचा त्यात संबंध नाही. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या. इथे कन्नड येत असल्यामुळे भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी त्या माझ्यापेक्षा झकास भांडायच्या. अडचण झाली ती संध्याकाळच्या बाकावर. आमच्या इमारतीत खाली बदामाच्या झाडाजवळ दोन बाक आहेत. तिथे मुलांकडे राहायला आलेल्या सगळ्या आज्या बसतात. एक तमिळ, एक बंगाली, एक लखनौची, एक केरळची. त्यांच्यात सगळ्यांना मिळून येणारी भाषा इंग्रजीच, मग ती कशीही मोडकी असो. आमच्या सासूबाई टोकाला बसून नुसत्या हसायच्या. शाळेत पूर्ण वर्ग गप्प करणारी बाई इथे स्वतः गप्प बसून परत यायची. वर आली की माझ्या नवऱ्याला म्हणायची, "त्या बंगालीबाईला आमटीतलं काय कळतं? पण सांगू कसं?"

हे मी ऐकत होते. मला वाटलं, आता त्या मला विचारतील. विचारायलाच हवं होतं. घरात विहीर असताना कोण कळशी घेऊन बाहेर जातं? मी वाट बघितली. मध्ये एकदा जेवताना विषयही काढला, की माझ्या वर्गात तुमच्या वयाचे लोकही असतात. नव्हते, पण मी म्हटलं. त्यांनी 'सरी', म्हणजे बरं, म्हणून ताक वाढून घेतलं.

आणि मग एका दुपारी चारच्या सुमाराला त्या डब्यात शेंगदाण्याची पोळी भरताना दिसल्या. कुणाला, विचारलं तर म्हणाल्या, खालच्या पोरीला. स्वल्प इंग्रजी बोलून येते तिच्याशी. आणि पदर खोचून गेल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिकतं तिथे विकत नाही, हे ऐकून माहीत होतं. पण पिकलेलं सोडून शेजारच्या मळ्यात राबायला जाणारी सासू मी प्रथमच बघत होते. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, बरंच झालं की. तुझा वेळ वाचला. सरी बिडु, जाऊ दे." तो दिवसभर यशवंतपूरच्या कारखान्यात मशीनच्या आवाजात असतो. बारीक आवाज त्याला ऐकूच येत नाहीत.

त्या रोज जाऊ लागल्या. रोज डबा. भडंग, चकली, एकदा तर खव्याचा कुंदा. मी मागितला की वर्षातून एकदा होणारा कुंदा, खाली वाटीभर गेला. मला चवीपुरता ठेवला होता, तो मी रागाने खाल्ला नाही, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याने खाल्ला म्हणून त्याच्यावर रागावले. एकीकडे त्यांचं घरातलं वागणंही बदललं होतं. माझा अकराचा वर्ग सुरू झाला की त्या खोलीच्या दाराला लागून, हॉलच्या पंख्याखाली पाट टाकून लसूण सोलत बसायच्या. रोज. आमच्या फ्रीजमध्ये सोललेल्या लसणाचे डबे रचले गेले. मी म्हटलं, आई, एवढ्या लसणाचं काय करायचं, तर म्हणाल्या, असू दे की, लागतो. पंखा आतल्या खोलीतही आहे, हेही मी एकदा सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही.

खरा घाव बसला तो स्वयंपाकघरात. आमच्या इमारतीत सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एका उभ्या बोळकांडीत उघडतात. पाइप तिथूनच जातात आणि खालचा आवाज सरळ वर येतो. एक दिवस चार वाजता मी चहाचं आधण ठेवलं होतं. खालून आवाज आला. लाकडावर एक थाप, मग एक टिचकी, आणखी एक टिचकी. थोडं थांबून पुन्हा तेच. मधूनच दोघींचं हसणं.

मी गॅस बंद केला. माझी थाप-टिचकी. मी पोरांकडून हसून घेत, चुकत, वर्षानुवर्षं घासून घासून बसवलेली. ती हिने कुठून उचलली असेल हे शोधायला मला वेळ लागला नाही. हिच्या ऑफिसातला कुणीतरी माझ्या वर्गाला बसला असणार. तिथून ही शिकली, आणि आता माझ्याच सासूसमोर स्वतःची म्हणून वाजवते आहे. त्या दिवशी चहा मी केला नाही. नवरा आल्यावर त्याने केला.

त्यानंतर मी जे केलं ते आठवून मला लाज वाटत नाही, हसू येतं. मी सासूबाईंना जिंकायला निघाले. तेलाची पिशवी ओतताना मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, सनफ्लॉवर, बघा आई, सन जोरात, फ्लॉवर हळू. त्या म्हणायच्या, तेल सांडलं बघ. जयनगरला जाताना रिक्षात मी त्यांना चर्च स्ट्रीट आणि रेसिडेन्सी रोडमधली गंमत सांगितली. इंग्रजीत स्ट्रीट आला की जोर आधीच्या नावावर पडतो आणि रोड आला की रोडवरच पडतो. चर्च ठासून म्हणायचं, स्ट्रीट सोडून द्यायचा. उलट रेसिडेन्सी रोडला मात्र रोडपर्यंत दम राखून ठेवायचा. असलं ती खालच्या मजल्यावरची मुलगी सांगेल का? तिला ते म्हणता येतं, पण का ते विचारलं तर ती खांदे उडवेल. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बघत. रिक्षावालाच म्हणाला, "हौदा, अक्का?" म्हणजे होय का. त्याला गोडी लागली होती. त्यांना नाही.

लिफ्टमध्ये ती मुलगी भेटली की मी मजल्यांचे आकडे बघत राहायचे. ती मोकळेपणाने बोलायची. "काकू, आजी सुपर शार्प आहेत हं. म्हणजे लिटरली एकदा सांगितलं की झालं." मी म्हणायचे, हो का. आजी कशा आहेत हे मला हिने सांगायचं. त्यांचं बीपी मी मोजते, चष्मा मी शोधून देते, त्यांना कुठल्या कुशीवर झोप लागते हे मला माहीत. आणि शार्प आहेत हे हिला.

मग एक दिवस बाकावरून बातमी आली. मी भाजी घेऊन येत होते. तमिळ आजींनी मला थांबवलं आणि इंग्रजीत सांगितलं, तुझी सासू आज आम्हाला आमटीवर बोलली. बंगाली बाईला ठणकावून सांगितलं, की डाळ आधी भाजायची नसते. आणि कसं सुरेख बोलली. मागे बसून सासूबाई मंद हसत होत्या. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, कोण शिकवतं तुला? सासूबाई म्हणाल्या, "अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स. आय गो डाउनस्टेअर्स."

दोन्ही शब्दांत जोर मागच्या भागावर, स्टेअर्सवर. हे अपवाद आहेत. वस्तूंची नावं नाहीत, म्हणून इथे नियम उलटतो, आणि भल्याभल्यांचा जोर अपवरच राहतो. त्यांचा बरोबर पडला होता. शिकवणारी म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. सून म्हणून तर नक्कीच व्हायला हवा होता. माझ्या कानात फक्त डाउनस्टेअर्स राहिला. भाजीची पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि वर आले. कोथिंबीर निवडताना मी ठरवलं, की आता मी या विषयावर बोलायचंच नाही. ज्याचं नशीब त्याच्यापाशी.

आषाढ लागला तेव्हा सासूबाईंनी मला एक काम सांगितलं. जयनगरला जाशील तेव्हा एक चांगला खण आण, शेवंतीची फुलं आण आणि एक पाणी भरलेला नारळ बघून आण. गुरुपौर्णिमेला लागतं. ज्याच्याकडून शिकलो त्याला द्यायचं असतं.

त्यांच्या घरातली ही रीत मला माहीत होती. सासरे असताना निपाणीला गुरुपौर्णिमेच्या दिवशी दारात जुने विद्यार्थी रांग लावायचे. पाया पडायचे, नारळ ठेवायचे. हिशेब शिकवलेला असो की सायकल, शिकवणाऱ्याच्या पाया पडल्याशिवाय विद्या अंगी लागत नाही, असं त्या घरात सगळे मानतात. माझ्या नवऱ्याने तर ज्याच्याकडे गाडी शिकला त्या ड्रायव्हरला नारळ दिलेला आहे. तेव्हा सासूबाई खाली जाऊन त्या मुलीला खण-नारळ देणार, तिच्या पाया पडणार, आणि ते सामान आणायचं मी. म्हटलं तर याहून मोठा विनोद नाही. मला हसू आलं नाही.

जयनगरच्या फोर्थ ब्लॉकमधल्या दुकानात मी आधी एक भडक गुलाबी खण काढायला लावला. खालच्या मुलीला अजिबात शोभणार नाही असा. दुकानदार म्हणाला, अक्का, हा नको, याचा रंग जातो. मग त्याने हिरवा काढला. गर्द हिरवा, लाल काठाचा, मऊ. हातात घेतला आणि मला तो इतका आवडला की मी तिथेच तो माझ्या काळ्या साडीवर मनातल्या मनात घालून बघितला. एकच होता. तो घेतला, कारण गुलाबी दिला असता तर सासूबाईंनी मलाच परत पाठवलं असतं. पण पिशवीत घालायला मी उगाच वेळ लावला. नारळ मात्र मी चांगला वाजवून घेतला. देवाच्या नारळात आपण कशाला खोट करायची.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी सासूबाई न्हाऊन, ठेवणीतली जांभळी साडी नेसून बसल्या होत्या. ताटात हळद-कुंकू, फुलं, नारळ, आणि तो हिरवा खण. माझा अकराचा वर्ग होता. साडेदहाच्या सुमाराला मी आंघोळीला गेले, बाहेर आले, तर त्या हॉलमध्ये नव्हत्या आणि ताटही नव्हतं.

त्या क्षणी मला आवरलं नाही. ओल्या केसांना टॉवेल तसाच, मी चप्पल घालून जिन्याने खाली उतरले. काय करायचं ते ठरलं नव्हतं. पाया पडताना बघायचं होतं की मध्ये पडायचं होतं, मला खरंच सांगता येणार नाही. एवढं ठरलं होतं की थाप-टिचकीचा विषय आज काढायचाच. कुणाची वस्तू कुणाच्या घरात वाजते हे निदान सासूबाईंना कळू दे. मी बेल वाजवली.

मुलीने दार उघडलं. अंगात ढगळ टी-शर्ट, कानात फोनची वायर, हातात टोस्ट. मागे खोलीत कुणी नाही, ताट नाही.

"आजी आल्यात का?" मी विचारलं.

"नाही, काकू. आज नाही येणार म्हणाल्या. आज काहीतरी पूजा आहे ना तुमच्याकडे?" तिने माझ्या टॉवेलकडे बघितलं. "सगळं ओके आहे ना?"

मी म्हटलं, ओके आहे. आणि आलेच आहे तर म्हणून विचारलं, की ती थाप-टिचकी तू कुठून शिकलीस.

ती गोंधळली. "मी? मला काय माहीत, काकू. ते तर आजीच करतात. मी कुठलं शिकवायला, मला रूलबिल एक येत नाही. त्या सकाळी तुमचा क्लास बाहेर बसून ऐकतात ना, त्यातले वर्ड्स लक्षात ठेवून येतात. मग इथे माझ्यासमोर टेबलावर वाजवून म्हणतात आणि मी फक्त येस-नो सांगते. मला वाटलं तुम्हाला माहितीये."

मला माहीत नव्हतं. मला लसूण माहीत होता.

जिना चढताना मला फ्रीजमधले ते डबे एकेक आठवत होते. न्यूजपेपरचा एक डबा. सनफ्लॉवरचा एक. डाउनस्टेअर्सच्या दिवशी मी तो शब्द पोरांकडून किती वेळा घोटून घेतला होता, आणि बाहेर दाराशी तेवढा वेळ लसूण सोलला गेला होता. रिक्षात मी चर्च स्ट्रीट समजावून सांगत होते तेव्हा त्या खिडकीबाहेर का बघत होत्या तेही कळलं. तो धडा मी आदल्या आठवड्यात वर्गात घेतलेला होता.

आमच्या घराचं दार मी उघडंच टाकून गेले होते. लहान खोलीचं दारही उघडं होतं. आत माझी खुर्ची लॅपटॉपसमोरून ओढून मध्ये घेतलेली होती. तिच्या पाठीवर तो हिरवा खण पसरलेला, बैठकीवर नारळ आणि शेवंतीची फुलं, पुढच्या कडेला हळद-कुंकवाची बोटं. सासूबाई जमिनीवर गुडघे टेकून खुर्चीसमोर वाकल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या देवासमोरही हल्ली उभ्यानेच हात जोडतात.

उठताना त्यांनी खुर्चीचा हात धरला, आणि मला बघितलं. मी हात द्यायला पुढे झाले तर म्हणाल्या, "थांब. तू लगेच हात लावू नको."

स्वतः उठल्या. पदर नीट केला. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं, मास्तरणी सांगतात तशा आवाजात.

"समोर बसून तुझ्याकडे शिकले असते, तर आज तुझ्या पाया पडावं लागलं असतं. पडले नाही तर विद्या लागत नाही, आणि पडले तर तुझं आयुष्य कमी होतं. सुनेच्या पाया पडता येत नाही. मग म्हटलं, बाहेर बसून ऐकावं. शिकवलं असं होत नाही, शिकायचं राहत नाही. आणि खुर्चीला चालतं. खुर्ची काही माझी सून नव्हे."

मी म्हटलं, मग खालच्या मुलीला तरी खण द्यायचा होता. इतके दिवस ऐकून घेतलं तिने.

"तिनं ऐकून घेतलं. शिकवलं तू. पोळी दिली की तिला." आणि जाता जाता म्हणाल्या, "रंग बरा आणलास. तुझ्या काळ्या साडीवर होईल."

वर्गाला काही मिनिटं उरली होती. नारळ ठेवलेल्या खुर्चीवर बसणं काही मला जमेना. मी तो वर्ग उभ्याने घेतला. पोरांनी विचारलं, मॅडम, आज उभ्या का, मी सांगितलं, पाठ दुखते. सुरू करण्याआधी मी दार उघडं ठेवायला गेले, तर सासूबाई पाट टाकून बसल्याच होत्या. त्यांनी हातानेच खूण केली, की लाव. उघडं ठेवलं असतं तर ते समोर बसून शिकणं झालं असतं. मी दार लावलं. त्या दिवशी नात्यांचे शब्द घेतले. ग्रँडमदर, स्टेपसिस्टर, मग मदर-इन-लॉ. चार तुकडे, जोर पहिल्यावर, बाकी तिघांनी मागून यायचं. मी जरा दाराच्या बाजूला तोंड करून म्हटलं, आणि नेहमीपेक्षा सावकाश.

चार वाजता त्या पुन्हा डबा भरून खाली गेल्या. आता तरी त्या घरातच बसतील असं मला उगाच वाटलं होतं. पण त्यांच्या रीतीला बदल नव्हता. मी अडवलं नाही, डब्याचं झाकणही मीच लावून दिलं. हेवा मात्र कमी झाला नाही, उलट आता त्याला नीट कारण सापडलं. शब्द माझा, तोड माझी, थाप माझी, खणही मला मिळाला. पण तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघतो तेव्हा समोर बसलेली असते ती. मला त्या तो कधी म्हणून दाखवणार नाहीत.

म्हणून मी चहाचं आधण ठेवते, गॅस बारीक करते आणि बोळकांडीच्या खिडकीशी उभी राहते. त्या माझं दाराआडून ऐकतात, मी त्यांचं खिडकीतून. त्या दिवशीही उभी होते. खालून थाप आली, मग एक टिचकी, दुसरी टिचकी, आणि तिसरी विसरल्या. मी वर ओट्यावर बोटाने हळूच ती वाजवली. खाली त्यांनी तो शब्द पुन्हा पहिल्यापासून घेतला.